पंधरा वर्षांच्या गाडीचा रंग घरच्या घरी कसा उजळावा

आमची गडद निळी हॅचबॅक 2010 सालची, बाबांनी हौसेने घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. इंजिन ठणठणीत, पण ऐरोलीच्या सिडको वसाहतीत उघड्यावर उभी राहून बॉनेट आणि टप पांढुरके पडलेले. दोन रविवार खर्च करून ती मी घरीच उजळली. ते कसं केलं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी रंगाची रचना समजून घ्या. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं तोच झेलतो. पॉलिश करताना या थराचा ओरखडे पडलेला वरचा पापुद्रा आपण घासून काढतो आणि खालचा गुळगुळीत भाग उघडा करतो. म्हणजे दर वेळी मुद्दलातून खर्च होतो. म्हणून सगळ्यात सौम्य उपायाने सुरुवात करा आणि पुरेसं दिसलं की हात आवरा.

आधी गाडी तपासा

गाडी धुऊन सावलीत आणा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. या रेघा पॉलिशने जातात. मंदपणा, पांढुरकेपणा आणि पाण्याचे हलके डागही बहुतेक निघतात.

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, तो घासून काढायला जाऊ नका. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटून कडांचे पांढरे नकाशे दिसत असतील, तर ते पॅनेल नव्याने रंगवण्याला पर्याय नाही. रंगाखाली फुगवटे असतील तर आत गंज धरलाय. आपल्याकडच्या पावसात तो थांबत नाही, त्यामुळे आधी त्याचं काम करून घ्या. मॅट रंगाच्या किंवा रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) लावलेल्या गाडीला यातलं काहीच करू नका.

आणखी एक चाचणी. पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तुमच्या गाडीला क्लिअर कोट नाही. तीही उजळते, फक्त हात आणखी हलका ठेवा.

सामान

कार शाम्पू, दोन बादल्या, सात-आठ मायक्रोफायबर कापडं, क्ले बार (रंगाला चिकटलेले कण उचलून घेणारा मातीसारखा मऊ गोळा), बारीक कंपाउंड (क्लिअर कोट घासणारी पेस्ट), फिनिशिंग पॉलिश (त्याहून सौम्य), वॅक्स, फोमचे पॅड आणि मास्किंग टेप. टूथपेस्ट, रॉकेल आणि भांड्यांचा साबण यांना इथे जागा नाही. रॉकेलने घटकाभर चकाकी येते आणि नंतर धूळ चिकटते. टूथपेस्टमधले कण दात घासायला बेतलेले असतात, गाडीसाठी नव्हे.

वेळ आणि जागा

डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून घट्ट बसतं. स्टिल्ट पार्किंग असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त वरच्या स्लॅबमधून पाणी ठिबकत नाही ना ते बघा. ते पाणी सिमेंटमधला चुना घेऊन उतरतं आणि पांढरे, खरखरीत थर सोडतं. ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांत गाड्यांचं हेच दुखणं आहे. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापड भिजवा, दोन-तीन मिनिटं डागावर ठेवा, हलकेच पुसा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. एकदा नाही निघाला तर पुन्हा करा, पण नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका.

धुणं

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. कापड गाडीवर फिरवलं की साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली या. चाकं आणि दारांचा खालचा भाग शेवटी, वेगळ्या कापडाने. सोसायटीत पाइप लावायला मनाई असेल तर तीन-चार बादल्यांत काम भागतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नका, क्षारांचे डाग राहतात.

क्ले बार

धुतलेल्या बॉनेटवर हात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून फिरवा. खरखर लागली तर ती ब्रेकची लोखंडी भुकटी, डांबराचे कण आणि एमआयडीसीच्या बाजूने येणारी धूळ. रबाळे-महापे पट्ट्यात रोज ये-जा असलेल्या माझ्या गाडीला ती चांगलीच लागली. क्लेचा लाडूएवढा गोळा मळून चपटा करा, पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवा आणि दाब न देता सरळ रेषेत फिरवा. खरखर थांबली की पुढे सरका. क्ले मळकट दिसला की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. आणि तो जमिनीवर पडला तर कितीही जीव तुटला तरी फेकून द्या; त्यात घुसलेला वाळूचा एक कण अख्ख्या पॅनेलवर रेघा ओढतो.

कंपाउंड आणि पॉलिश

काळं प्लास्टिक, रबर आणि पॅनेलच्या धारदार कडा टेपने झाका. कडांवर रंग आधीच पातळ असतो आणि प्लास्टिकवर कंपाउंडचे पांढरे डाग बसतात.

मग दीड फुटाचा एक चौकोन निवडा, शक्यतो बॉनेटवर. त्यावर आधी फक्त फिनिशिंग पॉलिश लावून बघा. रेघा समाधानकारक कमी झाल्या तर कंपाउंडला हात लावायचं कारणच नाही. नाही झाल्या तर त्याच चौकोनावर बारीक कंपाउंड, नंतर पुन्हा पॉलिश. जे चाललं तेच बाकी गाडीला. ही चाचणी टाळू नका, मुद्दल वाचते ती इथेच. माझ्या गाडीत दारांना नुसतं पॉलिश पुरलं. कंपाउंड लागलं ते बॉनेट आणि टप यांनाच, कारण ऊन तिथेच सरळ पडतं.

हाताने करताना फोमवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या, चौकोनावर पसरवा आणि मध्यम दाबाने आधी उभे, मग आडवे हात फिरवा. पाच-सहा फेऱ्यांत थर पारदर्शक होत जातो, तेव्हा स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. खांदे भरून येतात, त्यामुळे एका दिवशी दोनच पॅनेल घ्या.

मशीन घ्यायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्या. त्याचा पॅड फिरता फिरता सरकतही असतो, म्हणून उष्णता एका जागी साचत नाही. गॅरेजमधलं रोटरी मशीन नवख्या हातात क्षणभर जरी एका जागी थांबलं, तरी क्लिअर कोट जाळतं. पॅड पत्र्यावर टेकवूनच मशीन चालू करा आणि दर पॅनेलनंतर पॅड साफ करा.

प्रत्येक पॅनेल झालं की टॉर्च मारून बघा. पॉलिशमधल्या तेलाने रेघा तात्पुरत्या झाकल्या जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात घेऊन पुसलं की खरी स्थिती दिसते. जुन्या गाडीत दोन-चार रेघा राहणारच, त्यांच्या मागे लागू नका.

वॅक्स

उघडा पडलेला रंग तसाच ठेवू नका. वॅक्सचा अगदी पातळ थर लावा. धुरकट दिसू लागला की बोटाने एक रेघ ओढा. रेघ स्वच्छ उमटली तर पुसायची वेळ झाली. पावसाळ्याच्या दमट हवेत हा थर नीट वाळत नाही, म्हणून मेअखेर एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा वॅक्स लावावं. कापडं सुती कपड्यांपासून वेगळी धुवा, कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं काही घालू नका.

रोजची पुसापुशी

जाळ्यासारख्या त्या रेघा मुख्यतः रोजच्या पुसण्याने पडतात. पहाटे एकच बादली आणि एकच फडकं घेऊन दहा-बारा गाड्या पुसल्या जातात, आणि पाचव्या-सहाव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात निम्मी धूळ असते. दोष पुसणाऱ्या भाऊंचा नाही. त्यांना तेवढंच सामान आणि तेवढाच वेळ मिळतो. मी आमच्या भाऊंना फक्त आमच्या गाडीसाठी चार मायक्रोफायबर कापडं आणि एक वेगळी बादली आणून दिली. पगार तोच ठेवला आणि रोजऐवजी आठवड्यातून दोनदाच, आधी पाणी ओतून मग पुसायचं ठरवलं. मधल्या दिवसांत बॉनेटवर धूळ दिसते. ती तशीच राहू देतो.