सकाळी पहिल्या सेल्फला गाडी थरथरते? गॅरेजला नेण्याआधी घरीच एवढं बघा

डिसेंबर उजाडला की आमच्या नाशकात सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास एक तरी गाडी सकाळी रडते. सेल्फ लांबतो, मग इंजिन कसंबसं पकडतं, बोनेट थडथडतं, स्टेअरिंगपर्यंत हादरे येतात, आणि पाच मिनिटांनी बघावं तर सगळं लोण्यासारखं. आणि खरी गोची हीच आहे, कारण तुम्ही गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं आणि मेकॅनिक म्हणतो, साहेब, गाडी तर एक नंबर चालतेय. मग अंदाजपंचे पार्ट बदलणं सुरू होतं. माझ्या पेट्रोल हॅचबॅकला मी असेच चार प्लग, एक कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) आणि एक बॅटरी घालून बसलो आणि शेवटी निघालं काय तर एक अंगठ्याएवढा सेन्सर, त्याची गोष्ट पुढे येईलच.

आधी थोडं समजून घ्या. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं भिंतींना चिकटतं, म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत आपण चोक ओढायचो ना, तेच काम आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो. पण इंजिन किती गार आहे हे त्याला कूलंटचा टेंपरेचर सेन्सर सांगतो. एक्झॉस्टमधला, पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर आहे का ते सांगणारा ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत, म्हणजे साधारण ३०० डिग्रीपर्यंत, तो कामाचा नसतो, त्यामुळे पहिली मिनिटभर ईसीयू निव्वळ अंदाजावर चालवत असतो आणि गरम झाल्यावर जी चूक तो सांभाळून घेतो ती गार असताना उघडी पडते. त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून निफाडसारख्या ठिकाणी जिथे पारा पाच-सहापर्यंत येतो तिथे आधीच कुरबुरणारी गाडी थंडीत जास्तच कुरबुरते.

तर पहिलं काम फुकटचं आहे. गाडी रात्रभर, निदान आठ तास, हलवायची नाही. सकाळी सेल्फ मारायच्या आधीच मोबाईलवर व्हिडिओ चालू करा, आरपीएमचा काटा दिसला पाहिजे आणि आवाज आला पाहिजे, आणि घरातल्या कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभं करा धूर बघायला. एक्सलेटरला पाय लावू नका. सेल्फ किती सेकंद फिरला, काटा कुठे गेला, थरथर किती वेळ टिकली आणि धूर कुठल्या रंगाचा, एवढं लिहून ठेवा. ठणठणीत गाडीत काटा १२०० ते १५०० पर्यंत जातो आणि हळूहळू ७००-८०० वर येतो. गार असूनही तो वर जातच नसेल, ६०० वर धापा टाकत असेल, तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत) कार्बन तरी आहे किंवा सेन्सर खोटं बोलतोय. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांत आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, ते न करता परत आलात तर दोन दिवस गाडी अजूनच विचित्र वागते.

बॅटरी बघायला साधा मल्टीमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे छान, १२.२ च्या खाली म्हणजे चार्ज नाहीये, आणि सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली पडत असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल, बाकी सगळं नंतर.

मग पेट्रोल प्रेशरची एक सोपी युक्ती. किल्ली ऑनवर न्या, मागून पंपाची दोन सेकंद घूं ऐकू येईल, बंद करा, परत ऑन, असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा (बटणवाल्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दाबून इग्निशन ऑन करायचं). अशाने गाडी चटकन सुरू झाली आणि नेहमी होत नसेल तर रात्रीतून लाइनचं प्रेशर उतरतंय, पंपातला व्हॉल्व्ह नाहीतर एखादा इंजेक्टर गळतोय. इंजेक्टर गळत असेल तर पहिल्या सेल्फला कच्च्या पेट्रोलचा वास आणि काळसर धूर येतो.

आता स्कॅनर. मागच्या दहा-बारा वर्षांतली गाडी असेल तर स्टेअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे स्कॅनर जोडायचा, सॉकेट असतोच, ब्लूटूथवाला स्वस्तातला डोंगल आणि मोबाईलवर अ‍ॅप, झालं. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि दोन आकडे बघा, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखेच हवेत, दोन-चार डिग्री इकडेतिकडे. माझ्याकडे बाहेर ११ होतं, हवा १२ दाखवत होती आणि कूलंट ६२! म्हणजे ईसीयूला वाटत होतं इंजिन कोमट आहे, मग तो जास्तीचं पेट्रोल देईल कशाला. चेक लाइट लागली नाही कारण ६२ हा आकडा काही अशक्य नाही, वायर तुटून उणे ४० दाखवलं असतं तर लगेच कोड आला असता. सेन्सर बदलला, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गुपचूप सुरू.

कोड असतील तर तेही वाचा. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला मिसिंग (पेट्रोल नीट न पेटणं), पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी०३०२ आला तर दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावा आणि तीनची दोनवर, कोड पुसा, रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लग असाच फिरवून बघा. पैसा शून्य, फक्त दोन सकाळी जातात. प्लग इंजिन गार असतानाच काढायचा, गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमधून ओढाल तर आटे जातील. टोक फिकट तपकिरी म्हणजे चांगलं, काळं भुकटीसारखं म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. आणि चारातला एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर खूश होऊ नका, त्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपत असू शकतं. सोबत रिझर्व्हॉयरची पातळी उतरतेय, पांढरा धूर बराच वेळ राहतोय आणि त्याला गोडसर वास आहे, तर हेड गॅसकेटचा (इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा) संशय धरा आणि गाडी फिरवणं थांबवा. नुसता थोडा पांढरा धूर आणि सायलेन्सरमधून पाणी ठिबकणं थंडीत सगळ्याच गाड्यांना होतं, त्याला घाबरू नका.

व्हॅक्यूम लीक, म्हणजे भेगेतून इंजिनात जादा हवा शिरणं, हाही सकाळीच जास्त छळतो, गार रबर आखडतं आणि भेगा उघडतात. सू असा आवाज ऐका, पाइप हाताने वाकवून बघा, आणि उंदरांना विसरू नका, बोनेटखाली लेंड्या दिसल्या की आधी होज आणि इंजेक्टरच्या वायरी तपासा. स्कॅनरवर गरम इंजिनाला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा) आयडलिंगला अधिक १० च्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय. यूट्यूबवर बघून कार्ब क्लीनर मारत सुटू नका, तापलेल्या इंजिनावर तो भडकतो, मी साबणाचं पाणी हलकं फवारतो, आवाज बदलला की जागा सापडली. फक्त अल्टरनेटर आणि कनेक्टर सांभाळून.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि इंजिन थोडं तापलं की गॅसवर जातात, त्यामुळे गॅसची लाइट लागल्याच क्षणी थरथर थांबत असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला आहे. महिनोन्‌महिने रिझर्व्हवर ठेवलेलं शिळं पेट्रोल, चिकटलेले इंजेक्टर, त्यातलंच काहीतरी. टाकीत निदान पाव टाकी ताजं पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर पळवा. मेव्हण्याच्या गाडीत मात्र प्रकरण टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या गॅपचं, निघालं. गॅसवर व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही, कॉम्प्रेशन गळतं. टॅपेट सेटिंग होणारं इंजिन असेल तर सर्व्हिसला ते आवर्जून करून घ्या, बहुतेक जण न सांगता करत नाहीत.

डिझेल असेल तर वरचं प्लग-कॉइलचं सगळं सोडा. मीटरवर पिवळ्या स्प्रिंगची खूण विझेपर्यंत थांबून सेल्फ मारा, तरी खडखड आणि पांढरट धूर असेल तर ग्लो प्लग (गार सिलिंडर तापवणारा) आणि त्याचा रिले बघून घ्या.

एवढं करूनही सापडलं नाही तर व्हिडिओ, वही आणि स्कॅनरचे फोटो घेऊन गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला सोडा आणि सांगा की सकाळचा पहिला सेल्फ माझ्यासमोर मारायचा. आणि लावताना भिंतीकडच्या कोपऱ्यात लावा, कारण सकाळी शटर उघडलं की पोरं आधी मधल्या गाड्या बाहेर काढतात, तुमची त्यात निघाली की तुम्ही पोचायच्या आत इंजिन गरम आणि परत तेच, साहेब, गाडी तर एक नंबर चालतेय.