पुण्यातील महागडे कॉलेज की सोलापुरातील परवडणारे: अभियांत्रिकी प्रवेशात या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की सोलापुरात अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो: मुलाला पुण्याच्या एखाद्या खासगी विद्यापीठात पाठवायचे, की वालचंद, ऑर्किड किंवा पंढरपूरजवळच्या गोपाळपूरसारख्या ठिकाणी प्रवेश घ्यायचा? या निर्णयात बहुतेक पालक पहिली चूक करतात ती शुल्कावरून दर्जा ठरवण्याची. राज्यात सीईटीच्या गुणांवर प्रवेश मिळणे सर्वांत अवघड अशा संस्थांपैकी पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थांचे शुल्क अनेक खासगी विद्यापीठांपेक्षा कितीतरी कमी आहे. ज्या जागेसाठी गुणांपेक्षा पैसा अधिक लागतो, तिला नामवंत म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

दुसरी चूक अधिक महागात पडते. पालक दोन्हीकडच्या पहिल्या वर्षाच्या शुल्काचे आकडे शेजारीशेजारी मांडतात. प्रत्यक्षात तुलना व्हायला हवी ती सवलत वजा जाता चार वर्षांत खिशातून किती जाणार याची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र ही सवलत कॅप, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून मिळालेल्या जागेलाच लागू होते. व्यवस्थापन कोटा, अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्या बाहेर आहेत. म्हणजे त्याच मुलीला सोलापुरात शिक्षण शुल्क भरावे लागत नाही आणि पुण्याच्या खासगी विद्यापीठात ते पूर्ण भरावे लागते. त्यावर कॉट बेसिसचे (सामायिक खोलीतल्या एका खाटेचे) भाडे आणि मेसचा खर्च वेगळाच. उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेवावा. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रावरची रांग कोणासाठी थांबत नाही.

कर्जाबाबत ‘नोकरी लागली की फेडेल’ एवढ्यावर भागवले जाते. समजा, दरवर्षी 2.5 लाख याप्रमाणे चार वर्षांत 10 लाख रुपये 10 टक्के दराने घेतले आणि शिक्षणानंतर एक वर्षाने हप्ते सुरू झाले. तोपर्यंत सरळ व्याजाचेच सुमारे 3.5 लाख रुपये चढलेले असतात. ही 13.5 लाखांची रक्कम दहा वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता जवळपास 17,800 रुपये येतो. पहिल्या नोकरीत पुण्याचे घरभाडे भागवून हा हप्ता निघेल का, हे आजच कागदावर मांडून पाहावे. यंत्रमागाचा धंदा करणाऱ्या, महिन्यागणिक उत्पन्न खाली-वर होणाऱ्या कुटुंबाने तर हप्ता स्वतःवर येईल असे धरूनच हिशेब करावा.

माहितीपत्रकावरचे ‘सर्वोच्च पॅकेज’ हा एका विद्यार्थ्याचा आकडा असतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी संस्थांनी सादर केलेल्या माहितीत नोकरी मिळालेल्यांची संख्या आणि त्यांचा मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारा) पगार दिलेला असतो, तो पाहावा. तसेच दर्जा तपासणाऱ्या संस्थांपैकी नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते, तर एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते. त्यामुळे आपल्याला हव्या त्या शाखेला ती आहे का, हे तपासावे.

उलट दिशेची चूकही होते: ‘घराजवळ आहे, स्वस्त आहे’ एवढ्यावरच निर्णय घेणे. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच कुवतीच्या विद्यार्थ्यांना निवडक महाविद्यालयात गेल्याने पुढे विशेष जास्त पगार मिळाल्याचे दिसले नाही. अपवाद होता तो गरीब कुटुंबांतील मुलांचा. ओळखीपाळखी नसलेल्या घरातल्या मुलाला संस्थेचे नाव आणि तिथले सहाध्यायी खरोखर उपयोगी पडू शकतात. म्हणून सीओईपीसारखी जागा कॅपमधून मिळत असेल, तर केवळ पुण्यातल्या राहण्याच्या खर्चाला भिऊन ती सोडू नये.

घाईत शुल्क भरून बसला असाल, तरीही मार्ग आहे. कॅपमधील प्रवेश जाहीर केलेल्या अंतिम मुदतीपूर्वी रीतसर रद्द केल्यास 1,000 रुपये वजा करून उरलेले शुल्क परत मिळते. त्यासाठी रद्द केल्याची नोंद ऑनलाइन करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. कॉलेजात तोंडी सांगून येणे पुरेसे नसते.