काळा दगड करडा, वीट लालच: ब्लेंडरमध्ये टेक्स्चरला कलर फिल्टर लावताना

शनिवारवाड्याच्या तटाला खाली घडीव दगड आहे, वर वीटकाम. उतरत्या उन्हात काढलेला त्याचा फोटो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं चित्र) म्हणून घेतला की दोन्हींवर पिवळसर झाक येते आणि बेसॉल्टचा काळा दगड तपकिरी दिसतो. अख्ख्या चित्राला एकच फिल्टर लावून दगड करडा केलात, तर विटांची लाली जाते. म्हणून दगडासाठी मास्क, म्हणजे फिल्टर कुठे लागावा ते सांगणारं काळं-पांढरं चित्र, हवाच.

आधी कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (पडद्यावर रंग कसे दिसावेत ते ठरवणारं सेटिंग) ‘स्टँडर्ड’ करा. ब्लेंडर ४.० पासून तिथे मुळात ‘एजीएक्स’ असतो. तो गडद रंग थोडे फिके दाखवतो, आणि ती कसर सॅच्युरेशनने भरून काढली की टेक्स्चर भडक होतं. काम संपलं की एजीएक्स परत लावा.

शेडर एडिटरमध्ये, म्हणजे मटेरियल जुळवायच्या खिडकीत, इमेज टेक्स्चर आणि बेस कलर (मटेरियलचा मूळ रंग) यांच्यामध्ये आरजीबी कर्व्ह्ज नोड टाका; नोड म्हणजे एकेक काम करणारा, तारेने जोडायचा चौकोन. निळ्या चॅनेलची रेषा मध्यावर किंचित उचलली की पिवळेपणा उतरतो. हे दगड आणि वीट दोन्हींना चालतं.

त्याच्या पुढे ह्यू/सॅच्युरेशन/व्हॅल्यू नोड. इथे ह्यू ०.५ म्हणजे काहीच बदल नाही, आणि ०.०१ चा फरक म्हणजे ३.६ अंश, त्यामुळे ०.४९ ते ०.५१ च्या बाहेर सहसा जाऊ नका. दगडासाठी सॅच्युरेशन ०.६ पासून सुरुवात करा. व्हॅल्यू फसवी आहे: गणित लिनियर रंगात (प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात) होतं, म्हणून ०.५ केल्यावर ० ते २५५ च्या मापातला २०० चा करडा १०० वर न येता १४७ च्या आसपास थांबतो. आकड्यापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा.

आता मास्क. दगड पांढरा, वीट काळी असं चित्र त्याच यूव्हीवर (मॉडेलचा पृष्ठभाग सपाट उलगडून केलेल्या नकाशावर) रंगवा आणि या नोडच्या फॅक्टरला जोडा. त्याची कलर स्पेस ‘नॉन-कलर’ हवी, म्हणजे त्यातले आकडे रंग न मानता जसेच्या तसे वाचले जातात. ती एसआरजीबी (साध्या फोटोंची नेहमीची कलर स्पेस) राहिली तर काठावरचा ०.५ चा करडा ०.२१ धरला जातो आणि दगडाच्या कडेने जुन्या तपकिरीची रेघ उरते. ही रेघ दिसली की लोक मास्क पुन्हा रंगवत बसतात. खरं तर एक सेटिंग बदलायचं असतं.

नॉर्मल (उंचसखलपणा) आणि रफनेस (खरखरीतपणा) यांच्या चित्रांना रंगाचे फिल्टर लावू नका. पावसात भिजलेला तट हवा असेल तर दगडाची व्हॅल्यू ०.६ करा आणि सोबत रफनेसही ०.८ वरून ०.३ पर्यंत उतरवा. नुसतं काळं केलं तर दगडावर डांबर फासल्यासारखं दिसतं.

हे नोड जीएलटीएफ फाइलमध्ये (थ्रीडी मॉडेल दुसरीकडे पाठवायच्या फाइल-प्रकारात) जात नाहीत, म्हणून मॉडेल बाहेर पाठवण्याआधी बेक करा, म्हणजे फिल्टर लागलेला रंग एका चित्रात छापून घ्या. यूव्ही एकमेकांवर चढलेले नाहीत ना, ते बघा. २०४८ पिक्सेलचं नवं चित्र एका सुट्या इमेज टेक्स्चर नोडमध्ये घ्या, तो नोड निवडलेला ठेवा आणि सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये बेक टाइप ‘डिफ्यूज’ करा. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट (थेट आणि परावर्तित प्रकाश) दोन्ही बंद करा, नाहीतर सीनमधल्या सावल्या रंगातच छापल्या जातील. मार्जिन (यूव्हीच्या कडेबाहेर रंग पसरवायची पट्टी) १६ पिक्सेल. बेक झालेलं चित्र इमेज एडिटरमधून वेगळं सेव्ह करा. ब्लेंड फाइल सेव्ह केल्याने ते आपोआप टिकत नाही.