गाडी दसऱ्याला की डिसेंबरात?
दसऱ्याला नवी गाडी दारात यावी ही हौस खरीच, पण तेव्हा गिऱ्हाईक आपणहून येतं, त्यामुळे घासाघीस फारशी चालत नाही. मोठी सूट बहुतेकदा डिसेंबरच्या शेवटी मिळते. शोरूमला सरत्या सालाचा माल उरवायचा नसतो. मात्र आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना-साल येतं आणि जानेवारी उजाडताच ती गाडी ‘गेल्या वर्षीची’ ठरते. तीन-चार वर्षांत विकायची असेल तर मिळालेली सूट तिथेच जाते. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर बिनधास्त डिसेंबरात घ्या. पैसे भरण्याआधी टायरच्या कडेवर बनावटीचा चार आकडी कोड असतो, तो बघाच: ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. टायर फार जुने दिसले, तर गाडीही बरेच महिने यार्डात उभी असावी.