किमोतो साके गरम करताना

किमोतो किंवा यामाहाई पद्धतीची साके (तांदळापासूनची जपानी दारू) फ्रिजमधून काढून थेट प्यायलात तर तिची अर्धी चव हुकते. या जुन्या पद्धतींत विरजणातलं लॅक्टिक आम्ल बाहेरून घालत नाहीत, जिवाणूंकडून तयार होऊ देतात. त्यामुळे आंबटपणा आणि उमामी (रश्शासारखी भरीव, रुचकर चव) दोन्ही भरपूर, आणि ती खुलतात ४० ते ५० अंशांवर.

१८० मिलीची तोक्कुरी (चिनी मातीची सुरई) मानेपर्यंतच भरा. तापल्यावर साके फुगते, काठोकाठ भरली तर सांडते. पाणी उकळून गॅस बंद करा, मगच तोक्कुरी गळ्यापर्यंत बुडवा. दोन-तीन मिनिटं पुरतात; बूड हाताला चांगलं गरम लागलं की काढा. मायक्रोवेव्ह शक्यतो नकोच: वरचा भाग कढत, तळ कोमट राहतो. थेट आचेवर तर अजिबात नको, मद्यार्क उडून नाकात चढतो.

सोबत मीठ लावून भाजलेला साबा, म्हणजे बांगड्याचाच भाऊबंद, किंवा ओदेन, म्हणजे मुळा, अंडी, फिशकेक वगैरे रश्शात मंद शिजवलेला जपानी पदार्थ. माशाचं तेल जिभेवर असतानाच घोट घ्या, आंबटपणा ते कापतो. फळांच्या वासाची गिंजो प्रकारची साके मात्र १० अंशांच्या आसपास थंडच बरी. तापवली की तो नाजूक वास उडून जातो.