डायलिसिसवर थिसिस करताय? खाटेपाशी होणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या जुनाट आजारावर (सीकेडी) काम करणारी मुलं दरवर्षी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता, घेऊन माझ्याकडे येतात. कुणी एमडी करत असतं, कुणी डायलिसिस टेक्नॉलॉजी, कुणी नर्सिंग. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "सर, पी व्हॅल्यू येईना, काय करू?" म्हणजे गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही, हे आकड्यांत दिसेना. तोवर फार उशीर झालेला असतो. वजनकाट्यावर, सिरिंजमध्ये आणि बीपीच्या पट्ट्यात जे बिघडलं ते कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. संशोधन समन्वयक म्हणून माझं बरंचसं आयुष्य डायलिसिस युनिटमध्ये गेलं. तिथं पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथं लिहितो. त्यातल्या दोन माझ्या विशेष रागाच्या आहेत, त्यांच्यावर जास्त बोलणार आहे.

बीपी पडलं म्हणजे नेमकं काय, हे न ठरवणं

डायलिसिस चालू असताना बीपी पडणं हा आपल्याकडे थिसिसचा सगळ्यात लाडका विषय. पण "बीपी पडलं" कशाला म्हणायचं हे सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) लिहिलेलंच नसतं. केडोकीच्या (अमेरिकेतल्या मूत्रपिंडविषयक मार्गदर्शक सूचनांच्या) व्याख्येप्रमाणे वरचं बीपी 20 मिमीने किंवा सरासरी दाब 10 मिमीने उतरायला हवा आणि सोबत लक्षणं हवीत: पायात गोळे, मळमळ, घाम, चक्कर. 2015 साली फ्लाइथ आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या व्याख्या मृत्यूशी ताडून पाहिल्या, तेव्हा वरचं बीपी 90 च्या खाली जाणं ही साधी खूण सगळ्यात भक्कम ठरली. एकाच युनिटच्या एकाच महिन्याच्या नोंदींना या दोन व्याख्या लावा, दोन वेगळी उत्तरं मिळतील. म्हणून व्याख्या आधी ठरवायची. आकडे बघून व्याख्या निवडणं ही लबाडी आहे, मग ती कितीही निरागसपणे केलेली असो.

व्याख्येनंतरचा घोळ याहून मोठा. एका युनिटमधल्या मागच्या वर्षभराच्या जुन्या चार्टवरून एका विद्यार्थ्याने निष्कर्ष काढला की तिथं बीपी पडण्याचं प्रमाण जवळजवळ नगण्य आहे. पोरगा खूश, त्याचे गाईडही खूश. मी चार्ट मागवले. प्रत्येक तासाला 130/80, 130/80, 130/80, वरून खालपर्यंत एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेलं. पान उलटलं तर मागच्या बाजूला नर्सच्या नोंदी: "सलाईन 200 मिली दिलं", "पाय वर केले", "पाणी काढणं बंद केलं". 130/80 बीपी असलेल्या माणसाचे पाय कुणी वर करत नाही. शिफ्ट संपताना टेक्निशियनने सगळे रकाने एकदम भरले होते, आणि त्यालाही मी फार दोष देत नाही. इतकी मशीन एकट्याने सांभाळणाऱ्याला दर तासाला सगळ्यांचं बीपी घ्यायला सवड कुठून मिळणार? दोष त्या विद्यार्थ्याचा. तो युनिटमध्ये एक पूर्ण शिफ्टसुद्धा बसला नव्हता. रेकॉर्ड रूममधून फाइली उचलल्या, एक्सेलमध्ये टाकल्या, मोकळा झाला.

तेव्हापासून जुन्या चार्टवरचं काम माझ्याकडे आलं की मी बीपीचा रकाना आधी उघडतच नाही. आधी सलाईन बघतो, मग पाणी काढण्याचा दर कुठं कमी केला ते बघतो, मग लक्षणं आणि शेवटी बीपी. चौघांची साक्ष जुळली तरच चार्टवर विश्वास. नवीन काम असेल तर स्वतः खाटेपाशी बसा. दर अर्ध्या तासाला आणि पेशंट "कसंतरी होतंय" म्हणाला की लगेच बीपी घ्या, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली शीर आणि धमनी) नसलेल्या हातावर. सकाळची बीपीची गोळी घेऊन आलाय का, हे लिहा. मशीनवर असताना उप्पीट-इडली खाल्ली का, तेही लिहा. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी उतरतं, हे युनिटमधल्या मावशींनाही ठाऊक असतं. प्रोफॉर्मात (नोंदी भरायच्या फॉर्ममध्ये) मात्र त्याचा रकाना नसतो.

वजनाचं थोडक्यात. आधीचं आणि नंतरचं वजन एकाच काट्यावर, चप्पल काढून, शाल-स्वेटर बाजूला ठेवून घ्यायचं. पाणी काढण्याचा दर ताशी किलोमागे 13 मिलीच्या वर गेला की मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसतं, हे 2011 च्या अभ्यासात आलं आहे. पन्नास किलोच्या माणसाला हा दर ताशी 650 मिली होतो. थंडीतल्या शाल-स्वेटरचा भार "अंगावर चढलेलं पाणी" म्हणून मोजला गेला, तर तुमचा निम्मा गट नसत्या बाजूला जाऊन बसेल.

हद्दीपलीकडे गेलेल्या पेशंटला "हरवला" म्हणणं

ही माझी दुसरी चीड. ती आपल्या भागाशी बांधलेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आपल्याकडचा पेशंट एका राज्यात राहतो आणि दुसऱ्या राज्यात औषध घेतो. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. अथणीचा मिरजेला जातो, निपाणीचा कागल-कोल्हापूरकडे वळतो. त्यात रेशनकार्ड कुठल्या राज्याचं यावर मोफत डायलिसिस कुठं मिळेल हे ठरतं. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, तिकडे महात्मा फुले योजना. 2023 साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांसाठी फुले योजना लागू करायचा निर्णय घेतल्यावर तर "तिकडं होतंय का बघूया" ही चौकशी घरोघरी सुरू झाली. पेशंट दोन महिने इथं, चार महिने तिथं, पुन्हा इथं. यात त्याची काही चूक नाही. आठवड्याला दोनदा मशीनवर जाणाऱ्या घराला एसटीचं भाडंसुद्धा मोजावं लागतं.

एका मुलीचा विषय होता: मानेतल्या कॅथेटरवर (शिरेत घातलेल्या नळीवर) डायलिसिस सुरू झालेले आणि फिस्टुलावर सुरू झालेले, यांचं वर्षभरात काय होतं. वर्षाअखेर तिचं उत्तर आलं की दोन्ही गट सारखेच. जगभरचा अनुभव उलटा असताना हे कसं? यादी बघितली तर बऱ्याच नावांपुढे "फॉलो-अप नाही" असा शेरा, आणि ती सगळी नावं हिशेबातून काढून टाकलेली. मी विचारलं, फोन केलेस? म्हणाली, नंबर लागत नाहीत. मग आम्ही दोघं युनिटच्या जुन्या टेक्निशियनला घेऊन बसलो. त्याला पेशंट गावावरून आणि मुलाच्या नावावरून आठवतात. कुणाच्या शेजाऱ्याचा फोन, कुणाच्या गावच्या आशाताईंचा. एका घरून उत्तर आलं, "आई पोरीकडं हाय, गडहिंग्लजला करतोय की डायलिसिस आता." असे काही निघाले. पण बाकीच्या कितीतरी घरांत फोन उचलणारा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ते गेले की, सर." बहुतेक कॅथेटरवाले, बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. घरात माणूस गेल्यावर हॉस्पिटलला कळवायला कोण जाणार? ती नावं परत धरल्यावर दोन गटांतला फरक लख्ख उभा राहिला. घरच्यांनी रडवेल्या आवाजात ज्यांच्याबद्दल सांगितलं, त्या गेलेल्या माणसांची नोंद एका शेऱ्याखाली पुसली जाणार होती. मला हे सहन होत नाही.

माझी सवय सांगतो. नाव नोंदवतानाच तीन नंबर घ्यायचे: घरचा, दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाचा आणि गावातल्या कुणा ओळखीच्याचा. पुढे फोन करण्याची परवानगी संमतीपत्रातच घ्यायची, आणि ते पत्र त्याला वाचता येईल त्या भाषेत द्यायचं, कन्नड किंवा मराठी. आधार आणि रेशनकार्ड कुठल्या राज्याचं, हा रकाना ठेवायचा. दर महिन्याला एकदा फोन. डायलिसिस चुकलं तर कारण लिहायचं: ऊस तोडायला गेला, सौंदत्ती यल्लम्माच्या जत्रेला गेला, पैसे नव्हते. ज्यांचा खरोखर पत्ता लागत नाही त्यांना शेवटच्या भेटीपर्यंत हिशेबात धरायचं, काढून टाकायचं नाही. घाईत असलेल्या मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. पण या भागात संशोधन करायचं तर फोन हेच मुख्य यंत्र आहे.

याच्याच जोडीला आणखी एक. आज युनिटमध्ये दिसणारे पेशंट हे टिकलेले पेशंट. पाच वर्षं डायलिसिसवर असलेला आणि काल सुरू झालेला यांना एकाच गटात घालून "जगण्याचं प्रमाण" काढू नका.

एका क्रिएटिनिनवर सीकेडीचा शिक्का

उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन आलेला शेतमजूर, आठवडाभर दुखण्याच्या गोळ्या खाल्लेला, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 4. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज) काढला, "स्टेज 4" लिहिलं, अभ्यासात घेतला. तीन आठवड्यांनी त्याचं क्रिएटिनिन 1.1. केडिगोच्या (मूत्रपिंडाच्या आजारावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांच्या) व्याख्येत किमान 3 महिने बिघाड टिकायला हवा, ती अट शोभेची नाही. क्रिएटिनिन वर-खाली होत असताना ईजीएफआरचं सूत्र लागूच पडत नाही. जुना रिपोर्ट मागा. नसेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा किंवा घेऊ नका. लघवीतलं अल्ब्युमिन न तपासता "सुरुवातीच्या टप्प्याचा" अभ्यास करणंही बंद करा. आणि डायलिसिसवर असलेल्या माणसाचा ईजीएफआर काढणं, हे तर मला प्रत्येक वर्षी कुणाच्या तरी तक्त्यात सापडतं. मशीनने धुतलेल्या क्रिएटिनिनला सूत्र लावून काय कळणार?

रक्त चुकीच्या क्षणी घेणं

डायलिसिस पुरेसं झालं का हे बघायला युरिया आधी आणि नंतर तपासतात. आधीचं रक्त सलाईन किंवा हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आत जाण्यापूर्वी घ्यायचं. नंतरचं रक्त सलाईनने लाइन धुतल्यावर घेतलं तर ते पातळ होतं, युरिया खोटा कमी दिसतो आणि डायलिसिस झकास झाल्यासारखं वाटतं. योग्य रीत अशी: पाणी काढणं बंद, पंप मिनिटाला 100 मिलीवर आणायचा, 15 सेकंद थांबायचं, मग आर्टेरियल पोर्टमधून (पेशंटकडून मशीनकडे रक्त नेणाऱ्या लाइनवरच्या तोंडातून) रक्त घ्यायचं. पंधरा सेकंद! तेवढेही थांबायला लोकांना जड जातात. हिमोग्लोबिन मात्र डायलिसिसच्या आधीचंच धरा, नंतर पाणी निघाल्याने ते वर चढलेलं दिसतं. तालुक्याहून दुपारच्या उन्हात गाडीने आलेल्या नमुन्याचं पोटॅशियम जास्त दिसलं, तर आधी रक्तपेशी फुटल्यात का हे लॅबला विचारा.

बाकीचं भराभर

कॅथेटरचा संसर्ग टक्क्यांत देऊ नका, दर 1000 कॅथेटर-दिवसांमागे किती ते द्या. ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी. चाळीस पेशंटची हजार डायलिसिस म्हणजे हजार पेशंट नव्हेत, एकाच माणसाच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात आणि सांख्यिकीत ते दाखवावं लागतं. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी निगेटिव्ह म्हणून निश्चिंत होऊ नका, नव्या संसर्गात ती उशिरा येते. परदेशी निष्कर्ष इथं चिकटवताना बघा की 2002 च्या हेमो ट्रायलमधले (डायलिसिसच्या मात्रेवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासातले) 1,846 पेशंट आठवड्याला तीनदा डायलिसिस घेत होते. आपले बहुतेक दोनदा घेतात, आणि सोमवार-गुरुवार घेणाऱ्याला चार दिवसांचा लांब खाडा पडतो. त्या खाड्यानंतरच्या दिवसाची नोंद वेगळी ठेवा.

ट्रायल करणार असाल तर सीटीआरआयची (भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी. 1 एप्रिल 2018 पासून तिथं मागाहून नोंदणी होत नाही. "सर, काहीतरी करा ना" म्हणून नंतर माझ्याकडे येऊ नका, त्यात कुणालाच काही करता येत नाही. एथिक्स कमिटीच्या परवानगीचंही तसंच, ती आधीच घ्यायची. सिनॉप्सिस द्यायच्या आधी कोरा प्रोफॉर्मा घेऊन या. आपण दोघं युनिटमध्ये एक शिफ्ट बसू आणि तो एका पेशंटवर भरून बघू.