कंडोमचा योग्य वापर कसा करावा, जेणेकरून त्याचा पूर्ण लाभ मिळेल

गर्भधारणा टाळण्याची साधने पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी तांबीसारखी (गर्भाशयात बसवायचे छोटे साधन) काही साधने कंडोमपेक्षा अधिक खात्रीची आहेत. परंतु गर्भधारणेबरोबरच लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांपासूनही संरक्षण देणारे साधन हवे असेल, तर कंडोमला पर्याय नाही. गोळी, तांबी किंवा नसबंदी यांपैकी काहीही एचआयव्हीच्या विषाणूला किंवा परम्याच्या (गनोरियाच्या) जिवाणूला अडवत नाही. शिवाय कंडोमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, त्यातून शरीरात संप्रेरके जात नाहीत आणि मूल हवे असे वाटले की वापर थांबवणे एवढेच पुरते.

हा लाभ किती मिळेल, हे मात्र वापरावर ठरते. कंडोम प्रत्येक वेळी आणि अचूक वापरला, तर एका वर्षात १०० पैकी सुमारे २ स्त्रियांना गर्भ राहतो; लोक प्रत्यक्षात ज्या पद्धतीने तो वापरतात, त्यात हे प्रमाण सुमारे १३ पर्यंत जाते. या दोन आकड्यांमधले अंतर बहुतांशी वापरणाऱ्यांच्या हातात असते आणि पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत.

निवड आणि साठवण

बहुतेक कंडोम लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराच्या चिकापासून बनवलेले असतात. लॅटेक्सची ॲलर्जी असल्यास पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीनचे कंडोम घ्यावेत. मेंढीच्या आतड्याच्या पातळ पडद्यापासून बनवलेले कंडोमही मिळतात. त्यांतून शुक्राणू जात नसले तरी त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून विषाणू जाऊ शकतात, त्यामुळे संसर्गापासून बचावासाठी ते निरुपयोगी समजावेत. मापाकडेही लक्ष द्यावे, कारण फार घट्ट कंडोम फाटतो आणि फार सैल कंडोम निसटतो.

कंडोम थंड, कोरड्या जागी ठेवावा. पाकिटात महिनोन्‌महिने बाळगलेला कंडोम उष्णतेने आणि सततच्या घर्षणाने कमकुवत होतो, आणि नेमका तोच ऐन वेळी बाहेर काढला जातो.

घालण्याआधी आणि घालताना

वेष्टनावरील मुदत तपासावी, ते बोटांनी हलकेच दाबून आतील हवा शाबूत असल्याची खात्री करावी आणि मगच कडेने हाताने फाडावे. दात किंवा कात्री वापरू नये. शिश्न पूर्ण ताठर झाल्यावर, पण जोडीदाराच्या जननेंद्रियांशी कोणताही स्पर्श होण्यापूर्वीच कंडोम घालावा. ‘शेवटी शेवटी घालू’ हा विचार सर्वांत महाग पडणाऱ्या चुकांपैकी आहे, कारण संसर्ग वीर्यपतनाआधीही होऊ शकतो आणि आधी झिरपणाऱ्या द्रवात कधीकधी शुक्राणूही असतात.

कंडोमचे टोक चिमटीत धरून त्यातील हवा काढावी, म्हणजे वीर्यासाठी तेथे जागा राहते. टोक तसेच धरून दुसऱ्या हाताने गुंडाळी शिश्नाच्या मुळापर्यंत उलगडावी. उलगडत नसेल, तर तो उलटा ठेवला गेला आहे असे समजावे; अशा वेळी तोच सुलटा करून घालणे टाळावे आणि नवा घ्यावा, कारण पहिल्याच्या बाहेरील बाजूस द्रव लागलेला असू शकतो. हे सारे वाचायला सोपे वाटले तरी घाईत आणि अंधारात जमत नाही, म्हणून एखादा कंडोम एकट्याने सराव करण्यात खर्च करावा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

वंगणाची काळजी

लॅटेक्सवर खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल किंवा अंगाला लावायचे मलम वापरू नये. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित वंगण चालते. गुदमैथुनात तर ते आवश्यकच मानावे. कंडोमच्या टोकात अशा वंगणाचा एखादा थेंब घातल्यास संवेदना वाढते, आणि ‘कंडोमने मजा जाते’ ही तक्रार बऱ्याच अंशी कमी होते. शुक्राणुनाशक नोनॉक्सिनॉल-९ लावलेले कंडोम मुद्दाम घेऊ नयेत: त्याने एचआयव्हीपासून संरक्षण मिळत नाही आणि वारंवार वापरल्यास नाजूक त्वचेचा दाह होतो.

अधिक सुरक्षिततेसाठी एकावर एक दोन कंडोम घालणे चुकीचे आहे, कारण घर्षणाने दोन्ही फाटू शकतात. हाच नियम स्त्री-कंडोमलाही लागू आहे. तो योनीत काही तास आधीही बसवता येतो, पण त्याच वेळी पुरुषाने कंडोम वापरू नये.

नंतर

वीर्यपतन झाल्यावर ताठरता कमी होण्यापूर्वीच, कंडोमची कड मुळाशी धरून शिश्न बाहेर काढावे. उशीर केल्यास कंडोम आतच निसटतो. वापरलेला कंडोम कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा, शौचालयात सोडू नये. आणि पुढच्या संबंधासाठी, किंवा गुदमैथुनाकडून योनिमैथुनाकडे वळताना, नवा घ्यावा.

मर्यादा

एचआयव्ही, परमा आणि क्लॅमिडिया (जिवाणूंमुळे होणारा एक लैंगिक आजार) यांपासून कंडोम चांगले संरक्षण देतो. उपदंश (सिफिलिस), हर्पिस (फोड आणणारा विषाणूजन्य आजार) आणि एचपीव्ही (जननेंद्रियांवर चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू) मात्र त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात, त्यामुळे कंडोमने न झाकलेल्या भागातून त्यांचा धोका उरतो. एचपीव्हीसाठी लस उपलब्ध आहे, आणि गर्भधारणा मुळीच नको असेल तर कंडोमच्या जोडीला गोळी किंवा तांबी वापरणे शहाणपणाचे ठरते.

कंडोम फाटला किंवा निसटला तर

घाबरून वेळ दवडू नये. लिव्होनॉर्जेस्ट्रेलची आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावी. पाच दिवसांपर्यंत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेण्याचा मार्गही खुला असतो. एचआयव्हीच्या संसर्गाची शक्यता वाटल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तपासणी लगेच करून ती निर्दोष आली तरी नवा संसर्ग इतक्या लवकर दिसतोच असे नाही. डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा तपासणी करावी आणि तोपर्यंत प्रत्येक संबंधात कंडोम वापरावा.